छाट

हजारातल्या पन्नास. मालक मागे उभा असला तर साठ.
पान फाटकं, सूत ढिलं, तोंड नीट मुडपलेलं नाही.
कारण लागायचंच असं नाही.
मूठभर विड्या सुपातून उचलायच्या
आणि डावीकडच्या डब्यात टाकायच्या.
संध्याकाळी त्यांचेच कट्टे बांधून
मालक त्याच भावाने विकायचा.
मला दिवाळीला मिठाईचा पुडा, वर पंधरा रुपये.
मी पुडा घरी आणायचो. आम्ही खायचो.

यंदा नव्या सणाला यमगर्णीच्या पुलाखाली उतरलो,
हळूहळू, काठीने चिखल चाचपत.
वडील असते तर शिंग फुंकलं असतं.
शिंग भाच्याकडे गेलं, भाचा अश्दोदला गेला.
वेदगंगा अजून गढूळ, अजून घाईत.
कोटाचे खिसे उलटे करून झटकले,
तर तंबाखूची भुकटी पडली.
इतक्या वर्षांनी!
दोन मासे आले, तोंड लावून परतले.

नदीला सांगणं सोपं असतं.
वडील म्हणायचे, हस्केल,
देवाचं देणं देव सोडेल,
माणसाचं कसं सोडेल? ते त्याच्या वहीतच नाही.
आपल्या जुन्या भाषेत पश्चात्ताप म्हणजे परत फिरणं.
तेव्हा फिरलो. अक्कोळ रोडला, तिसरी गल्ली,
रुद्रव्वा तेली कुठं राहते, विचारत.

ती कोथिंबीर निवडत होती.
"कंचा चेकर? पाच-सहा होतासा की तुम्ही.
समद्यांची बोटं सारखीच."
म्हटलं, माफ कर.
म्हणाली, "माफ कराया आदी आठवाया नको व्हय?"

शास्त्र म्हणतं, तीनदा विचारावं.
दुसऱ्या दिवशी तिने चहा दिला, हवापाण्याचं बोलली.
तिसऱ्या दिवशी म्हणाली, "किती हुत्या, ते तरी सांगा."
मी रात्रीच हिशोब मांडला होता:
रोज पन्नास, वर्षाचे तीनशे दिवस, अकरा वर्षं.
एक लाख पासष्ट हजार.
तिने देठ मोडायचे थांबवले.
"येवड्या?"
मग बराच वेळ फक्त नळाचं पाणी.
"आता आठवलं," ती म्हणाली. "जावा आता."

तिला बोचत नव्हतं ते
मी जाऊन बोचवून आलो.
हे कुठल्या प्रार्थनेत बसतं?

दारफाळणीला ऊन पाणी घेतलं, मग गार.
पांढरे कपडे केले, दार आतून लावलं.
शेजारच्या शिवलिंगला ठाऊक आहे,
आज हाक मारायची नाही.
दहा माणसं लागतात. मी भिंतीवरचे फोटो मोजले: सात.
आठवा मी. तसबिरीतला एलियाहू हन्नाबी धरून नऊ.
एक कमीच राहिला.
तरी उभा राहून म्हणालो सगळं, देवनागरीत उतरवलेलं,
अर्थ कळला तिथे रडलो,
नाही कळला तिथे जास्त.
ऐकणारा ऐकतो का, हे मी विचारत नाही.
विचारलं तर उत्तर येईल, याची भीती वाटते.
तिन्हीसांजेला घशाला कोरड, गुडघे सुजलेले.
आकाशाचं दार लागलं म्हणे.
माझं मी उघडलं. बाहेर फक्त शिवलिंगची सायकल.

दुसऱ्या दिवशी शिळा सण. या दिवशी पितर निघून जातात,
आणि दाराशी येईल त्याला रिकामं पाठवत नाहीत.
मी सुट्टे पैसे काढून बसलो होतो.
अकराच्या सुमारास एक मुलगी आली,
पाठीला कॉलेजची पिशवी, हातात चिठ्ठी.
"मी अक्षता. रुद्रव्वाची नात."
मी सुट्ट्यांकडे हात नेला.
"दान नको. बाकी न्यायला आलेय.
आजी म्हणते अकरा नव्हे, बारा वर्षं.
एक लाख ऐंशी. दर आजचा."

ट्रंक उघडली. अंत्यविधीसाठी ठेवलेलं पाकीट
खालून काढलं. मोजले, पुन्हा मोजले.
तिने माझ्यासमोर बसून तिसऱ्यांदा मोजले,
अंगठा ओला करून, न चुकता.
मग एक नोट उजेडाकडे धरली
आणि डाव्या बाजूला ठेवली.
"ही फाटकी आहे, आजोबा.
दुसरी द्या."