चेंबर नंबर चार

सावद्याच्या केळी गोडाऊनात मी वजनं लिहिते.
बाहेर मे, सेहेचाळीस. चार नंबरात सतरा.
क्रेटभर हिरवी केळी, आणि नळीतून सुटणारा गॅस.
हवेच्या दहा हजार भागांत एक.
वास नाही, रंग नाही,
पण रातभरात केळ्याला कळतं
आता गोड व्हायचं.

मशीनवरचा ललित भंगाळे विचारतो,
काबरं वहिनी, आत काय करता एवढं?
क्रेट मोजते.
क्रेट कधीचेच मोजून झालेले.

छातीतून निघते ती. मान, कान,
चुलीत तोंड घातल्यासारखं.
पोलक्याची पाठ भिजते, मग हुडहुडी.
दिवसातून अकरा वेळा:
रजिस्टरच्या मागल्या पानावर रेघा आहेत.

अडतिसाव्या वर्षी पिशवी काढली.
जावेची काढलेली, नणंदेची काढलेली,
आमच्या गल्लीत दाढ काढावी तशी काढतात.
पिशवी म्हणाले, मी पिशवीच समजले.
सोबत दोन बदाम गेले
हे सहा वर्षांनी कळलं,
मोरीत हात टेकला आणि मनगट मोडलं तेव्हा.

रावेरच्या तडवी डॉक्टरीणबाईंनी जुनी फाईल उलटली.
एक पान पुन्हा वाचलं.
मग इस्ट्रोजेन म्हणाल्या;
मला वाटलं, खताची कंपनी.
रक्तात असून नसल्याएवढं,
पण हाडातला चुना तेच राखतं,
झोप राखतं, अंगातली ओल राखतं.
म्हटलं, आमच्या गॅससारखं?
त्या हसल्या. मग नाही हसल्या.
गॅस पिकवतो, म्हणाल्या. हे पिकू देतं, सडू देत नाही.

छाती तपासली, घरात कुणाला गाठ होती का विचारलं,
आणि पट्टी दिली. सोमवारी एक, गुरुवारी एक.
पिशवी नाही म्हणून दुसरी गोळी नको.
तेवढाच फायदा.
नवऱ्याला वाटतं कंबरदुखीची आहे.
वाटू दे.

आता रेघा तीन. कधी दोन.
तरी सवयीनं चार नंबरात जाते,
आणि थंडी वाजते, साधी, लोकांना वाजते तशी.

काल पॅकिंगची निर्मला सपकाळे म्हणाली,
सोमवारी माझीबी काढताय.
तेहेतीस वर्षांची पोर.
मी वजनाची एक पावती फाडली,
मागं लिहिलं: अंडाशय ठेवणार का?
म्हटलं, सही करायच्या आधी
हे त्यांना वाचून दाखव.
मोठ्यानं.