आधीचं इंधन

अजमानच्या सनैयात, टायरवाल्यांच्या ओळीत
आमचं टायपिंग सेंटर. बाहेर एसीचं पाणी
रंगाच्या रिकाम्या डब्यात टपटपतं,
आत मी, हर्णैची मेहरुन हुर्झूक.
एका अर्जाचे वीस दिरहम.
झेरॉक्स वेगळी.

जरबाज खान आला ऑगस्टात, दुपारच्या नमाजानंतर,
काखेत फाईल, फाईलवर घामाचा नकाशा.
त्याची पाण्याची पिकअप आता गॅसवर चालते.
किट त्यानं पदरच्या पैशानं बसवलं,
साडेसहा हजार, त्यातले चार उसने,
आणि कुणीतरी त्याच्या कानात घातलंय
की सरकार त्यातलं थोडं परत देतं.

समोर खिडकीत पेट्रोल पंप.
ज्या मुलखात भोक पाडलं की तेल लागतं
त्याच मुलखात, तेल न जाळल्याच्या बक्षिसाचा अर्ज
मी भरतेय, याची गंमत वाटते.
गंमतीचे दिरहम मिळत नाहीत.
पुढचा रकाना.

सिलिंडरचा नंबर. किटवाल्याचा शिक्का.
शिक्का पुसट, जा, ठळक मारून आण.
गाडीचा फोटो, नंबरप्लेट आणि टाकी एकाच चौकटीत.
जरबाज त्यात स्वतःही उभा राहिलेला, केस विंचरून.
मी त्याला कापून काढलं.
साईट अडकली. पुन्हा पहिल्यापासून.
रकाना एकोणीस: मालकाचं बँक खातं.

मालक कोण?
तो पंख्याकडे बघायला लागला.
मुल्किया कफीलच्या नावावर,
कफील गेला रमजानात.

पंधरा दिवसांनी त्याची बायको स्वतः आली.
उम्म खल्फान. नाकावर जुन्या चालीचा सोनेरी मुखवटा,
हातात काठी, मागे नातू, नातवाच्या हातात मोबाईल,
पिशवीत वारसाचे कागद, कोर्टाची मोहर लागलेले.
माझ्या शेजारी खुर्ची ओढून म्हणाली, वाच.
मी तुटक्या अरबीत एकेक रकाना वाचत गेले.
चौदाव्यावर तिनं काठी आपटली.

आधीचं इंधन?
आधी माझ्या बापाचं गाढव होतं.
विहिरीपासून किनाऱ्यापर्यंत, दोन्ही अंगांना पखाली.
या धंद्याची पहिली गाडी तीच.
खजुरावर चालायची.
लिही, खजूर.

जरबाज हसला. नातू हसला नाही.
म्हातारीचं मन राखायला मी शेऱ्याच्या चौकटीत
तीन अरबी अक्षरं टाइप केली, तिला दाखवली.
मग ती सही करत बसली, इतकी सावकाश,
जणू एकेका अक्षराला पाणी पाजून पुढे सोडत होती.
उठताना नातवाला काहीतरी म्हणाली.
पैसे आले की याला दे, असं म्हणाली,
की पैसे आले की याचं बघू, असं,
मला नीट कळलं नाही. माझी अरबी तेवढीच.
जरबाजला मी पहिलं सांगितलं.

तीन गुरुवार तो विचारायला आला.
चौथ्याच्या आदल्या दिवशी अर्ज परत, लाल अक्षरांत:
इंधनाचा प्रकार स्पष्ट करावा. खजूर?

चूक माझी. पुसायचं राहून गेलं.
दुसऱ्यांदा फी भरावी लागते, ती मी भरली,
सेठला न सांगता.
जरबाज रागावेल असं वाटलं होतं.
तो टपरीवरून दोन करक चहा घेऊन आला
आणि पाव किलो खजूर, वर्तमानपत्रात बांधलेला.
म्हणाला, गाडी तर चालतेय ना.

एक तोंडात टाकला,
बी गालात धरून खुलासा लिहायला घेतला:
महोदय, सदर वाहनाचं आधीचं इंधन पेट्रोल.
खजुराचा उल्लेख नजरचुकीनं झाला आहे,
तो रद्द समजावा.

साईट परत अडकली.
बी गालातच.