थांबायची तार

डबा कुरिअरनं आला. वहीएवढा, साडेपाच हजारांचा.
भाटकरशेठनं तो तळहातावर तोलून पाहिला:
"हा माझा बर्फाचा कारखाना चालवणार?"
म्हटलं, आधी मला त्याला चालवता येऊ दे.

आठ तारा आत येणाऱ्या, सहा बाहेर जाणाऱ्या.
चोवीस व्होल्टची पन्हळ वेगळी, दोनशेतीसची वेगळी,
मानपानावरून बिनसलेल्या दोन पालख्यांसारख्या.
हर्णैचा वारा तांब्यालाही सोडत नाही,
जुन्या पॅनेलमधली तार न् तार टोकाला हिरवी.
म्हणून प्रत्येक टोकाला टोपी, टोपीवर नंबर,
आणि दार लावायच्या आधी आत तांदळाची पुरचुंडी.
ही लखमादादाची सूचना. पुस्तकात नाही.

पहिल्या दिवशी बटण दाबलं तर दिवाच लागेना.
दोन तास.
मग दिसलं, सामाईक टोक मी रिकामंच सोडलेलं.
विजेला जायची वाट दिली, परतायची दिली नव्हती.
लखमा पावसे, तेवीस वर्षं हातानं व्हॉल्व्ह फिरवलेला,
काही बोलला नाही.
कानावरची बिडी काढली, परत कानावर ठेवली.

मग पडद्यावर शिडी.
डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत एकेक पायरी.
सुरू-बटण सुटल्यावरही मोटार चालावी
म्हणून मोटारीचाच एक संपर्क बटणाच्या बगलेला.
म्हणजे ती स्वतःचाच हात धरून उभी.
हे मला लगेच कळलं,
अशा बायका पाजपंढरीत पुष्कळ.

अडलं ते थांबायच्या बटणाशी.
थांबवायचं बटण म्हणजे एरवी मोकळं, दाबलं की जोडणारं,
असंच मी धरून चालले होते.
पुस्तक म्हणे, उलट.
ती तार कायम जिवंत हवी, वीज सतत वाहती,
आणि आत, शिडीवर, तिचं चिन्ह मात्र उघडं काढायचं.
मी बंद काढलं. मोटार हलेना.
उघडं काढलं. फिरली.
पण का, ते रात्री घरी जाईपर्यंत कळलं नाही.

घरी आई सातच्या वायरलेसला बसली होती.
सोसायटीचा माणूस रोज बोटींची नावं वाचतो:
अमकी बरी, तमकी बरी.
आई शब्द ऐकतच नाही,
भावाच्या बोटीचं नाव आलं की भाकरी थापायला उठते.
गेल्या नारळी पुनवेनंतर एकदा नाव आलं नाही.
तिनं गॅस बंद केला, पीठ तसंच झाकलं,
आणि पहाटेपर्यंत ओटीवर बसून राहिली.
दुसऱ्या दिवशी परेश हसत आला,
"अगं, नुसती अँटेनाची तार तुटली होती."
नुसती तार!
म्हणाली, "मग मी काय समजायचं होतं?"

सकाळी लखमादादाला सांगितलं.
बटण दाबलं तरी थांबेल, उंदरानं तार कुरतडली तरी,
खाऱ्या हवेनं स्क्रू खाल्ला तरी.
ज्याची काही खबर नाही ते चालू ठेवायचं नाही.
"बोलतेस छान," तो म्हणाला.
"डब्यांच्या मधे वाकलेला मी असतो."
आणि खिशातली पक्कड काढली.

मिठाच्या पाण्यातला पंखा पूर्ण वेगात घुमत होता.
त्यानं सतरा नंबरची तार शोधली,
माझ्याकडे न बघता कट्‌ केली.

पंखा हळूहळू थांबला.
इतकी वर्षं या शेडमध्ये कधी ऐकू न आलेला
बंदरावरचा लिलाव ऐकू आला,
कुणीतरी सुरमईचा भाव चढवत होतं.

लखमादादानं तारेचा तुकडा पाहिला, बिडी पेटवली.
"परत जोड," म्हणाला, "आणि टोपी नीट दाब.
आधीची सैल होती."