पियानोखाली पाण्याचं भांडं

लिएपायात त्या हिवाळ्यात वारा नेहमीइतकाच होता,
फोन मात्र वाजेना.
अर्वीद रोज सकाळी हत्यारांची पिशवी उघडायचा,
खुंट्या पिळायची किल्ली, फेल्टच्या पाचरा, स्वरकाटा,
पुसून पुन्हा होतं तिथेच ठेवायचा
आणि बूट चढवून बसायचा.
घरातच. बूट चढवून.

हिशेब मी ठेवते.
बिस्किटांच्या डब्यात कार्डं, गिऱ्हाईकाला एक,
दोनशे अकरा पियानो:
कुणाचा कुठला स्वर सारखा घसरतो,
कुणाचं कुत्रं चावतं,
कोण कॉफी विचारतं, कोण नुसतं घड्याळ बघतं.
नोव्हेंबरात मोजले तर महिन्याभरात चार.
त्यातला एक चर्चचा, उधारीवर.
आता देवाला काय तगादा लावायचा?

डब्लिनहून लेकीचा फोन.
ती तिथे अळंब्या डब्यात भरते, आम्हाला धंदा शिकवते.
"बाबा, भाव उतरवा. निम्म्यात करा. पत्रकं लावा."
अर्वीद म्हणाला, "तार उतरवायला क्षण पुरतो, इल्गा.
परत चढवताना तुटते."
मी मनात म्हटलं, झालं,
हा उपाशी मरणार आणि वर सुभाषितं ऐकवणार.

पत्रकं घेऊन बाजारात मीच गेले.
खांबावर आधीच दाटी:
फ्लॅट विकणे. गाडी विकणे.
लग्नाचा पोशाख, एकदाच घातलेला.
मासेवाली बर्टा म्हणाली, "चिकटव, चिकटव,
वाऱ्यालाही काहीतरी वाचायला हवं."
मी पत्रकं तशीच परत आणली.
पाठकोरी होती. पुढे वर्षभर वाणसामान त्यांवर लिहिलं.

त्या रात्री डबा टेबलावर उपडा केला.
'सवलत' हा शब्द लिहायचा नाही, एवढंच ठरलं.
तो सांगत गेला, मी लिहीत गेले,
दोनशे अकरा पोस्टकार्डं;
तिकिटांपायी आईची पितळी मेणबत्तीदाणी गेली.

"यंदा मला बोलावणं जमणार नसेल तर राहू द्या.
पण शेगडीने हवा सुकते, लाकूड तडकतं.
पियानोखाली पाण्याचं भांडं ठेवा,
दर रविवारी भरा.
मधला 'ला' तुमचा पहिल्यापासूनच चिडका आहे,
मनावर घेऊ नका."

"विद्या फुकट वाटलीस की रे," मी म्हटलं.
"भांडं ठेवतील," तो म्हणाला, "मग त्याला पाय लागेल.
पाणी सांडेल.
तेव्हा मी आठवेन."

जानेवारीत फोन वाजला. दंतवैद्य लाउर:
"विकायचाय. किती येतील?"
दुसरा, तोही विकायचाच.
तिसरी गणिताची मास्तरीण ड्झिन्त्रा:
"आम्ही लीड्सला निघालो. पियानो काही विमानात बसत नाही.
तुमचं ते भांडं आता कोण भरणार?"
आणि घराची किल्ली तिने आमच्या टेबलावर ठेवली.

असा धंदा कुणी योजून काढत नाही.
फेब्रुवारीत नऊ किल्ल्या, ईस्टरपर्यंत सतरा.
महिन्याला तीन लाट, कुठून कुठून येतात:
कॉर्क, बर्गन, लीड्स.
जुन्या कार्डांवर मी नवा रकाना आखला,
'परत कधी'.
तो कोराच आहे.

परवा ड्झिन्त्राकडे मीही गेले, झारी धरायला.
खिडक्यांवर आतून बर्फाची नक्षी,
कॅलेंडर डिसेंबरवर थांबलेलं.
अर्वीदने भांडं भरलं, झाकण उघडलं,
त्या चिडक्या 'ला'ची खुंटी केसभर पिळली,
दोनदा वाजवून पाहिलं.

जिना चढत धापा टाकत खालची म्हातारी आली,
हातात चमचा, अंगात ॲप्रन:
"आले का ते? आले ना?"

अर्वीद बुटांकडे बघत राहिला.
कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं,
आणि हिशेब मी ठेवते.
मी विचारलं,
"तुमच्याकडे आहे का हो पियानो?"