अकरावा अंक

दिल्लीहून आलेल्या बाईंनी पांढरे हातमोजे चढवले
आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर
‘गिलावा’चे अंक ओळीनं मांडले.
शेवटच्यावर आकडा सदतीस. मोजले तर छत्तीस.
अकरावा कुठंय, त्यांनी हिंदीत विचारलं.

मी चहा टाकायला उठले.

खणभागातला छापखाना. दिवसा हळदीच्या पोत्यांची लेबलं,
पतपेढीची पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका.
रात्री नऊनंतर
‘समकालीन कलेचे राष्ट्रीय त्रैमासिक’.
राष्ट्रीय हा शब्द आवटी सरांनी घातला,
कारण एक वर्गणीदार शिलाँगला होता.
बाकीचे इकडचेच, निम्मे फुकटे.

अब्बा जुळारी.
त्यांनी रंगवली ती फक्त बैलांची शिंगं.
पण केसमध्ये ॲचे खिळे सातच,
म्हणून बडोद्याच्या लेखकाला त्यांनी कार्ड टाकलं:
‘ॲबस्ट्रॅक्ट पानाला सातदाच बसते.
आठव्यापासून अमूर्त लिहावे.
आपला, दस्तगीर शिकलगार.’
तो माणूस पुढं जन्मभर अमूर्तच लिहीत राहिला.
त्यावर म्हणे दोन परिसंवाद झाले.

रंगीत पान वर्षाकाठी एक. पिवळा हटकून चढायचा.
कलकत्त्याच्या चित्रकाराचं रागाचं पत्र आलं,
माझा पिवळा असा नव्हता.
सरांनी कळवलं, इथं तो हवेतच आहे, इलाज नाही.

बाई हसल्या, सगळं टिपून घेतलं.
मग परत, आणि अकरावा?

अकरावा जुळून तयार होता.
कागद तेवढा यायचा राहिला होता.
सर बायकोची पाटली मोडून पैसे घेऊन निघाले,
कागदवाल्याच्या दारात पोचले,
आणि तिथून सायकल वळवली मिरजेच्या रस्त्याला.
दवाखान्यात अम्मी होती, काळजाची झडप आवळलेली,
बाहेरच्या बाकावर अब्बा, त्यांच्या मांडीवर मी.

तीन आठवडे तो मजकूर दोरीनं आवळून पडून होता.
मग लग्नसराई आली, खिळे लागायला लागले,
अब्बांनी दोरी सोडली.
अक्षरं आपापल्या खणांत परत गेली
आणि दुसऱ्या दिवशी त्यांचीच
कुणाची तरी सोयरीक छापली.

पुढच्या अंकाला अब्बांनी अकरा लावला.
सरांनी प्रूफात काट मारून बारा केला.
समासात शाईनं: अकरावा निघाला.
त्यावर कधी बोलणं झालं नाही.

बाईंना मी म्हटलं, पुरात गेला असेल.
सांगलीत हे कुणालाही पटतं.
त्यांनी लिहिलं: अकरा, अनुपलब्ध.

तेवढ्यात अम्मी फोडणी टाकून बाहेर आली.
अक्षरओळख नाही तिला.
बारावा अंक तिनं तसाच उचलला, नाकाशी नेला,
म्हणाली, ह्यांच्या शाईचा वास गेला गं,
आणि ठेवून दिला.

मुखपृष्ठावर अंगठा उमटला, पिवळाधमक.
बाईंनी तोही नोंदवला:
डाग, अलीकडचा.