अठ्ठावीस दिवस

हलमध्ये टेलिफोनचे खोके लाल नाहीत,
सायीच्या रंगाचे आहेत.
आमच्या फळ्यावर मात्र लाल म्हणजे आज,
पिवळा म्हणजे सात दिवस,
हिरवा म्हणजे अठ्ठावीस.
आणि अठ्ठावीस म्हणजे किती
ते कौन्सिलच्या घरात राहणाऱ्याला विचारा.

दुरुस्ती विभाग. पाच गाड्या, घरं मोजायची नाहीत.
आठला फोन सुरू होतात, मी हेडसेट चढवते.
पाणी वाहतंय का? गॅसचा वास?
दाराला कुलूप लागतं का? वय किती?
चार प्रश्नांत माणसाला रंग मिळतो.

ओरडणारा प्रत्येक जण लाल नसतो,
हे मॉरीनने पहिल्या आठवड्यात शिकवलं.
ओरडणारा निदान पिवळा तरी होतोच,
हे दुसऱ्या आठवड्यात माझं मी शिकले.

किअरन प्लंबर फळा मानत नाही.
तो रस्त्याच्या क्रमाने जातो,
गळका नळ, मग त्याच्याच शेजारची तुंबलेली मोरी.
"तुझा लाल नदीपलीकडे आहे," म्हणतो,
"आणि पूल उचललाय, बोट जातेय."
भांडतो आम्ही.
दोघंही बरोबर असतो, तीच पंचाईत.

मिरजेच्या शाळेत आम्ही सगळे घोकायचो,
आधी लगीन कोंढाण्याचं.
म्हणायला सोपं. कोंढाणा एकच होता.
इथे रोज सकाळी चाळीस कोंढाणे
आणि प्रत्येकाच्या दारात मांडव.

मिसेस एझेनवांचा पहिला फोन सप्टेंबरात.
मुलाच्या खोलीत, कोपऱ्यात, ओल.
आवाज शांत. मागे कार्टून चालू.
पाणी वाहतंय? नाही. गॅस? नाही.
कुलूप लागतं. वय चौतीस.
मुलाचं वय विचारायला रकाना नव्हता.
हिरवा.

ऑक्टोबरात वादळ आलं, कौलं उडाली,
हिरवे पुढे सरकले.
नोव्हेंबरात बॉयलर बसले, एकामागून एक,
हिरवे पुढे सरकले.
सरकले म्हणजे मी सरकवले,
माउसने, एका वेळी साठ,
पोह्यांतला कढीपत्ता बाजूला सारावा तसे.

डिसेंबरात तिचा चौथा फोन.
आवाज तसाच शांत, "त्रास देते, माफ करा."
मागे कार्टून नव्हतं. खोकला होता.

मी जायचं नसतं. गेले, जेवणाच्या सुट्टीत, बसने.
वॉलपेपर पापडासारखा फुगलेला,
उशापासून वर काळे डाग.
तळहात टेकवला, तो ओला झाला.
ओबिना, सहा वर्षांचा, मला ओळख करून देत होता:
"हे अस्वल. ही बोट. हा जिराफ,
याची मान अजून वाढतेय,
ख्रिसमसपर्यंत छताला पोचेल."
त्याला तो आवडत होता, जिराफ.

ओल ओरडत नाही.
तिला घाई नसते, म्हणून तिचं सगळं वेळेवर होतं.
परतताना बसमध्ये आठवलं,
माझ्या फ्रिजवर ऑगस्टपासून एक पत्र आहे,
छातीच्या तपासणीचं, दीपगृहाच्या चुंबकाखाली.
दूध काढताना रोज दिसतं.

ऑफिसात आल्याआल्या तिला लाल केलं.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'नवीन माहिती'.
खोटं. माहिती सप्टेंबरचीच होती,
नवीन होता फक्त माझा हात.

पण गाड्या पाचच.
उद्याच्या लालमधून एकाला काढावं लागलं.
मिस्टर स्टॅनिफर्थ, एकाहत्तर,
पुढच्या दाराची कडी तुटलेली, रात्री खुर्ची लावून झोपतात.
फोन मीच केला. म्हटलं, परवा नक्की.
मी तयार होते, ओरडतील म्हणून,
ओरडावेत असंही वाटत होतं.

"हरकत नाही," म्हणाले, "तुम्हाला कामं खूप असतील."

अगदी शांतपणे.