जास्तीचा ग

मी मनपा शाळेत पहिलीची बाई.
कान्यामात्र्याआधीचे शब्द माझे,
तीन-तीन अक्षरांचे, जुलैपुरते.
म्हणून मेडिकलच्या तळमजल्यावर,
जिथं कूलरचा खस दोन दिवस कोरडा होता,
निकोसे मॅडमनी सरकवलेल्या रिपोर्टच्या पाठीवर
मी जागा न सोडता लिहिलं:

रजतगरमवरणवरप

पेशीला मोकळी जागा कळत नाही, त्या म्हणाल्या.
ती तीन मोजते, वाचते. तीन मोजते, वाचते.
रजत. गरम. वरण. वरप.
मग माझंच पेन घेऊन
त्यांनी रजतनंतर एक ग घुसवला.

रजत. गगर. मवर. णवर.
आणि शेवटी प,
खिचडी संपल्यावर आलेल्या पोरासारखा.

"एका अक्षरानं काय होते मॅडम?" देवानंद म्हणाला,
आणि स्वतःच गप्प झाला.
घरोघरी विजेचे मीटर वाचतो तो.
मधेच एक आकडा वाढला
तर माणसं कशी दारात येतात, त्याला माहीत.

तीन गेली असती, तर आख्खा गरम गेला असता:
रजत वरण वरप.
थंड, पण जेवण.
किंवा पुढचाच र गळाला असता:
रजत गगम वरण वरप,
एका घासात खडा, बाकी ताट नीट.
तसं झालं नाही.
नको तिथे पूर्णविराम जुळला
आणि रक्ताचं वाक्य सुरुवातीलाच बंद.
एक प्रत माझी, एक त्याची.
आमच्या दोघांकडे एकेक शुद्ध प्रतही होती.
त्या आल्या नाहीत.

वर्गात उईकेंची पोर फळ्यावर अक्षर वाढवते,
मी ओल्या फडक्यानं पुसते.
एवढंच असतं ते.

दर एकवीस दिवसांनी पिशवी.
तीन साते एकवीस, रजतला येतं.
आज पर्समध्ये त्याला तो कागद सापडला.
"गगर मवर णवर!"
इतका हसला की सिस्टरनं वळून पाहिलं.
"राक्षस आहे का गं हा?"
मग बोट प वर.
"आणि हा एकटाच?"

पुढची दोन तू लिही, म्हटलं.
उजव्या हाताला सुई. डाव्यानं लिहिलं,
र उलटा, त भिंतीला टेकलेला:

परत

थेंब पडत होते.
मी मोजले नाहीत.